खंडित एकांत : मराठी ख्रिस्ती साहित्यातील प्रार्थना आणि दैनंदिन जीवन

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार सामान्यतः तीन अंगांनी केला जातो. भाषेच्या अंगाने विचार करणारे अभ्यासक फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'कडे वळतात. धर्मांतराच्या सामाजिक इतिहासात रस असणारे पंडिता रमाबाई व रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या चरित्रांचा मागोवा घेतात. भक्तिपरंपरेचे अभ्यासक टिळकांच्या अभंगांचे वारकरी अभंगांशी असलेले नाते तपासतात. या तिन्ही दिशांनी मोलाचे काम झालेले आहे. तथापि हे साहित्य ज्या कृतीतून पुन्हा पुन्हा उगवते ती प्रार्थना, आणि त्या प्रार्थनेला लागणारी वेळ व जागा, हा प्रश्न बहुधा श्रद्धेचा खाजगी भाग समजून बाजूला ठेवला जातो.

वस्तुतः हा प्रश्न वाङ्मयीन आहे आणि सामाजिकही आहे. माणसांनी गजबजलेल्या घरात, आश्रमात, छापखान्यात किंवा स्वयंपाकघरात चिंतनासाठी निवांत वेळ कसा मिळतो? तो कोणाला मिळतो? एकाला मिळालेल्या निवांतपणाची किंमत दुसरे कोणी मोजते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे स्टीफन्स, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या कार्याचा व लेखनाचा विचार केला आहे. या चौघांच्या ठिकाणी प्रार्थनेचा एकांत सलग, अभंग असा क्वचितच आढळतो. तो सतत मोडतो, आणि त्या मोडण्याला प्रत्येकाने दिलेले उत्तर वेगळे आहे. या सूत्राला येथे 'खंडित एकांत' असे नाव दिले आहे.

१. शुभवर्तमानांतील एकांताचे स्वरूप

ख्रिस्ती प्रार्थनेसंबंधी जी वचने वारंवार उद्धृत केली जातात त्यांत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील उपदेश प्रमुख आहे. प्रार्थना करणाऱ्याने चव्हाट्यावर उभे न राहता आपल्या खोलीत जावे, दार लावावे आणि गुप्तपणे पित्याशी बोलावे, असा त्याचा आशय आहे. मूळ ग्रीक पाठात या खोलीसाठी 'टामेइऑन' हा शब्द आलेला आहे. त्याचा अर्थ धान्य व किमती वस्तू ठेवण्याची आतली खोली, म्हणजेच कोठीची खोली. साध्या घरात स्वतंत्र शयनगृह नसे. दार लावता येईल अशी जागा असलीच तर ती कोठीची. तेव्हा या उपदेशातील खोली म्हणजे खास उपासनेसाठी राखून ठेवलेले मंदिर नव्हे. दाणागोटा ठेवण्याच्या, रोजच्या वापरातल्या जागेत थोडा वेळ दार ओढून घेणे एवढेच तेथे अभिप्रेत आहे.

दुसरे चित्र मार्कच्या पहिल्या अध्यायातले आहे. संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटलेले, रोग्यांची रीघ लागलेली. आणि त्यानंतरच्या पहाटे, अंधार असतानाच येशू उठून ओसाड जागी प्रार्थनेसाठी जातो. येथपर्यंतचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढच्या भागाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत येतात आणि सगळे तुम्हाला शोधत आहेत असे सांगतात. एकांत तेथेच संपतो. येशू त्यांना परत पाठवत नाही. शेजारच्या गावांकडे जाण्यासाठी उठतो.

मार्कच्याच सहाव्या अध्यायात याहून ठळक प्रसंग आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी की शिष्यांना जेवायलाही सवड नाही. तेव्हा येशू त्यांना निवांत जागी येऊन विसावा घेण्यास सांगतो. होडीतून ते निघतात; परंतु लोक पायी धावत आधीच तेथे पोचलेले असतात. निवांत जागा पोचण्यापूर्वीच हरवते. त्या गर्दीकडे पाहून त्याला कळवळा येतो, असे शुभवर्तमानकार नोंदवतो.

या प्रसंगांवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एकांताची गरज येथे निःसंदिग्धपणे मान्य केलेली आहे. ती दुबळेपणाची खूण मानलेली नाही. त्याचबरोबर तो एकांत मोडला जाणार हेही गृहीत आहे. प्रार्थनेचा कस एकांताच्या लांबीवर लागत नाही. एकांत मोडल्यावर माणूस समोरच्याशी कसा वागतो यावर लागतो. मराठी ख्रिस्ती लेखकांच्या विचारासाठी ही कसोटी उपयोगी पडते.

२. मराठी पार्श्वभूमी : डोंगर, जाते आणि मळा

हे लेखक ज्या भाषेत प्रार्थना करीत होते त्या भाषेला एकांताचा स्वतःचा इतिहास होता. तुकारामांचा भंडाऱ्याचा डोंगर हे एकांतसाधनेचे मराठी मनात रुजलेले स्थळ आहे. संसार व व्यापार यांच्या धकाधकीतून बाजूला होऊन नामचिंतनासाठी जाण्याची ही जागा. ओसाड जागी जाणारा येशू मराठी वाचकाला परका वाटत नाही, याचे एक कारण हे.

याच परंपरेत दुसरा प्रवाहही आहे. जनाबाईचे दळण-कांडण, सावता माळ्याचा अरणचा मळा, गोरोबांचे चाक आणि माती यांतून कामाच्या जागीच ईश्वराची भेट घेण्याची वाट दिसते. पहाटे जात्यावर बसणाऱ्या स्त्रीला स्वतंत्र एकांत नव्हता. घर जागे होण्याआधीचा तो प्रहर आणि जात्याची घरघर एवढेच तिच्या वाट्याला येई. त्या घरघरीच्या आडोशाला तिने ओवी गायिली. हात कामात आणि मन ईश्वराकडे, ही स्थिती मराठी भक्तीने केवळ चालवून घेतली नाही, तिला प्रतिष्ठा दिली.

डोंगर आणि जाते हे दोन्ही ध्रुव मराठी ख्रिस्ती लेखकांना वारसा म्हणून मिळाले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. मात्र या लेखकांपैकी कोणाच्या वाट्याला डोंगर आला आणि कोणाच्या वाट्याला जाते, हे पाहिल्याशिवाय त्या वारशाचे चित्र पूर्ण होत नाही.

३. 'ख्रिस्तपुराण' : श्रवणाचा निवांत वेळ

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. सासष्टी भागात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. 'पहिले पुराण' व 'दुसरे पुराण' असे दोन भाग, पंचाण्णव अवस्वरू आणि सुमारे अकरा हजार ओव्या एवढा या ग्रंथाचा विस्तार आहे.

ग्रंथाची मांडणी संवादात्मक आहे. आरंभी ख्रिस्ती शिकवणीचा पाठ चालू असताना श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण उठून अडचण मांडतो. शिकवण चांगली आहे, परंतु पूर्वी वेळ घालवण्यासाठी व मनाच्या समाधानासाठी पुराणे होती. ती आता राहिली नाहीत. तेव्हा त्यांच्या जागी नवे काही द्यावे, असा तिचा आशय आहे. या मागणीचा विचार भाषिक व सांस्कृतिक अंगांनी झालेला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ संभवतो. नवख्रिस्ती समाजाला प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण मिळत होते. ते पाठ करायचे होते आणि विचारल्यावर म्हणून दाखवायचे होते. दिवसाचे काम संपल्यावर शांत बसून ऐकण्यासारखे, मनात घोळवण्यासारखे मात्र त्यांच्याजवळ काही उरलेले नव्हते. जुना ग्रंथ गेला त्याबरोबर त्या ग्रंथाभोवतीची निवांत वेळही गेली. श्रोत्याची तक्रार ग्रंथाच्या अभावाइतकीच या हरवलेल्या वेळेविषयी आहे.

स्टीफन्स यांचे उत्तर या गरजेला धरून आहे. ओवीची संथ लय, कथेचा विस्तार, अधूनमधून श्रोत्यांनी शंका विचारणे आणि गुरूने तिचे निरसन करणे या सर्वांतून श्रवणाची एक वेळ आकार घेते. जेझुइट परंपरेतील ध्यानपद्धती येथे लक्षात घ्यावी लागते. इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात, शुभवर्तमानातील प्रसंगाचे स्थळ मनःचक्षूंपुढे उभे करावे, माणसे पाहावीत, त्यांचे बोलणे ऐकावे आणि मग ईश्वराशी संभाषण करावे, असा क्रम सांगितला आहे. ही साधना मूळची एकट्याने, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करावयाची. स्टीफन्स यांच्या हाती ती सामुदायिक श्रवणाच्या रूपात अवतरते. गोठ्यातील जन्म, अरण्यातील उपवास, गेथसेमाने येथील रात्र हे प्रसंग ज्या तपशिलाने येतात तो तपशील ध्यानाला आधार देणारा आहे. मठात राहणाऱ्याची साधना शेतात राबणाऱ्या कुटुंबाच्या हाती देण्याचे हे काम होते.

येथे एकांत खंडित होतो तो श्रोत्याच्या शंकेने. पुराणकार त्या शंकेला अडथळा मानत नाहीत; कथा तिच्याच आधाराने पुढे सरकते. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घालणारे फर्मान काढले. तरीही हे पुराण हस्तलिखितांच्या रूपाने टिकले आणि १९०७ मध्ये जे. एल. सालढाना यांनी मंगळूर येथून त्याची आवृत्ती काढली. जो ग्रंथ वेळ घालवण्यासाठी मागितला गेला होता तो लोकांनी जतन करण्याजोगा मानला, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

४. पंडिता रमाबाई : उघडे दार

खोलीत जाऊन दार लावण्याच्या उपदेशाचा प्रश्न मराठी समाजजीवनात अक्षरशः उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) संदर्भात. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले गेले. विधवा व निराधार स्त्रियांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे तिचे अभिवचन होते. सदनातील मुलींना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारख्या व्यक्ती होत्या.

रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत, कन्या मनोरमा हिच्यासह करीत. खोलीचे दार त्या बंद करीत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या आणि त्यांना हाकलून देण्यास रमाबाई तयार नव्हत्या. वादाला येथूनच तोंड फुटले. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील प्रमुख सभासदांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या.

या घटनेचा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु वादाचा सारा भार एका खोलीच्या दारावर येऊन पडला होता, या गोष्टीचा अर्थ अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. रमाबाईंच्या बाजूने पाहता, सदन हे त्यांचे घर होते. घरातली आई प्रार्थना करते तेव्हा मुलांना बाहेर काढून कडी लावत नाही. दार लावणे म्हणजे आपल्या श्रद्धेची लाज बाळगणे, असा त्याचा अर्थ झाला असता. आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने पाहता, ज्या मुलींचे अन्न, वस्त्र, शिक्षण आणि भवितव्य एका व्यक्तीवर अवलंबून आहे, त्यांच्यासमोर त्या व्यक्तीचे उघडे दार तटस्थ राहत नाही. आमंत्रणाचा शब्दही न उच्चारता ते आमंत्रण ठरते. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. प्रार्थनेचा एकांत हा केवळ प्रार्थना करणारा आणि ईश्वर यांच्यातला व्यवहार राहत नाही. भोवतीच्या माणसांवर आपली जी सत्ता असते तिचाही त्यात संबंध येतो, हे या वादाने उघड केले.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. १८९६ च्या दुष्काळानंतर केडगाव येथील 'मुक्ती' झपाट्याने वाढली. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था असल्याने दाराचा प्रश्न उरला नव्हता. शेकडो स्त्रिया व मुली, शेती, माग, छापखाना, शिक्षण अशा व्यापात रमाबाईंनी प्रार्थनेला दिवसाच्या कामकाजात निश्चित स्थान दिले. १९०५ च्या आरंभी तेथे स्त्रियांनी रोज एकत्र जमून प्रार्थना करण्यास सुरुवात केली आणि त्याच वर्षीच्या जूनअखेरीस तेथे जे धार्मिक जागरण झाले त्यात अनेकींनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना हा ठळक विशेष होता. ज्या स्त्रियांना घरात तोंड उघडण्याची मुभा नव्हती त्यांच्या दृष्टीने शांत बसणे ही नवी गोष्ट नव्हती. नवीन होते ते आवाज काढणे. निवांतपणा आणि नीरवता यांना एकच मानण्याचा संकेत येथे अपुरा पडतो.

त्याच गजबजाटात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण केले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी सोपी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षे चाललेले हे एकट्याने करावयाचे काम म्हणजे त्यांचा खरा एकांत होता असे म्हणता येईल. आणि त्याचे फळ पुन्हा दाराबाहेरच्या स्त्रियांसाठीच होते.

५. ना. वा. टिळक : निघून जाण्याची ओढ

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या वृत्तीत भंडाऱ्याच्या डोंगराची ओढ प्रबळ होती. 'वनवासी फूल' या त्यांच्या काव्यात प्रवृत्ती व निवृत्ती यांचा प्रश्न संवादरूपाने येतो. जगापासून दूर राहावे की जगात राहून त्याच्या उपयोगी पडावे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर वागवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा बराच काळ ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. अध्यापन, उपदेश, पद्यरचना, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन आणि घरात आश्रयाला आलेली मुले अशा धबडग्यात त्यांचे दिवस जात.

या धबडग्यातून लिहिल्या गेलेल्या अभंगांत व गीतांत एकांताची विशिष्ट कल्पना दिसते. ख्रिस्ताला ते माउली म्हणून, सखा म्हणून, गुरू म्हणून संबोधतात. ही सर्व नाती घरातली, जवळची आहेत. ईश्वराशी बोलण्यासाठी उंचावरच्या सिंहासनासमोर उभे राहावे लागत नाही, लेकरू आईला बिलगते तसे बिलगता येते, ही जाणीव त्यांच्या रचनेतून पाझरते. याचा प्रार्थनेच्या वेळेशी निकटचा संबंध आहे. दरबारात जाण्यासाठी वेळ ठरवावी लागते; आईला हाक मारण्यासाठी लागत नाही. अभंगाचा आटोपशीर घाटही याला अनुकूल आहे. चालता-चालता, काम करता-करता तो मनात धरता येतो. टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गायिली जातात आणि उपासनेनंतर घराघरांत गुणगुणली जातात. छोट्या गीताच्या रूपाने टिळकांनी सामान्य ख्रिस्ती माणसाला कोठेही नेता येईल असा आडोसा दिला.

स्वतः टिळकांचे मात्र एवढ्याने समाधान झाले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनाची जागा सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याची ही कल्पना होती. या संन्यासाचे वैशिष्ट्य असे की तो लोकांकडे पाठ फिरवणारा नव्हता. 'दरबार' या शब्दातच लोकांची ये-जा अभिप्रेत आहे. दोनच वर्षांनी टिळकांचे निधन झाले. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेल्या जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन करून प्रार्थना, अभ्यास व सेवा यांचा मेळ घालणारे आश्रमजीवन महाराष्ट्रात रुजवण्याचा प्रयत्न केला, आणि १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

६. लक्ष्मीबाई टिळक : जात्याजवळची बाजू

टिळकांच्या एकांताची दुसरी बाजू 'स्मृतिचित्रां'त आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे हे आत्मकथन १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. टिळक न सांगता घरातून निघून जातात, हातातले पैसे कोणाला तरी देऊन टाकतात, नवीन माणसाला घरी घेऊन येतात. आणि मागे राहिलेल्या पत्नीला उद्याची चूल पेटवायची असते. ही हकिगत लक्ष्मीबाई विनोदाने सांगतात. त्या विनोदामुळे तिच्यातील प्रश्न मात्र लहान होत नाही. कवीला, साधकाला निघून जाता येते, कारण कोणीतरी मागे राहते. एकाचा डोंगर दुसरीच्या जात्यावर उभा असतो.

'स्मृतिचित्रां'त प्रार्थनेचे तात्त्विक विवेचन जवळजवळ नाही. तरीही हे पुस्तक चिंतनाचे आहे. लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या कडक सोवळ्या-ओवळ्याच्या छायेत गेले. टिळकांच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या तरी ख्रिस्ती व्हावयाचे नाही हा त्यांचा निश्चय होता आणि त्यांचे अन्नपाणी निराळे होते. अशा अवस्थेत जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो. कोणाचा उपदेश नाही, ग्रंथाचा आधार नाही. स्वतःशीच केलेल्या विचारातून त्या निर्णयाप्रत येतात की हे भेद माणसाचे आहेत, आणि त्या निर्णयानुसार वागू लागतात. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईला लिहिता-वाचता बेताचेच येत होते, जिच्याजवळ स्वतःची खोली नव्हती, तिने केलेले हे चिंतन मराठी आत्मचरित्रातील आत्मपरीक्षणाचा एक श्रेष्ठ नमुना आहे. त्यासाठी तिला लागला तो प्रश्नाला शेवटपर्यंत न सोडण्याचा प्रामाणिकपणा. तास दोन तासांची सवड नव्हे.

यानंतरचे त्यांचे जीवन दुष्काळातील अनाथ मुले, प्लेगच्या रोग्यांची सेवा आणि वाढता प्रपंच यांनी भरलेले आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात निवांत जागी आधीच पोचलेली गर्दी लक्ष्मीबाईंच्या ओसरीवर कायमची बसलेली होती असे म्हटले तरी चालेल. त्या गर्दीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कधी त्रासिक, कधी खट्याळ आहे. परंतु शेवटी ती कळवळ्याचीच आहे. खंडित एकांताच्या कसोटीवर चारही व्यक्तींमध्ये लक्ष्मीबाईच सर्वाधिक उतरतात.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. स्त्रीला निवांतपणा मिळत नाही, तर कामातच तिची प्रार्थना आहे असे म्हणून त्या अभावाचे गौरवीकरण होत नाही काय? हा आक्षेप योग्य आहे. कामातली प्रार्थना ही साधनेची एक थोर रीत असली, तरी तिचा उपयोग दुसऱ्याची सवड हिरावून घेण्याचे समर्थन म्हणून होऊ शकतो. लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्था व मरीया यांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी लागते. कामाच्या ओझ्याने वैतागलेली मार्था बहिणीची तक्रार करते. येशू मरीयेला स्वयंपाकघरात परत पाठवत नाही. बसून ऐकण्याचा तिचा वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असे तो सांगतो. स्त्रीच्या निवांत वेळेला शुभवर्तमानाने दिलेला हा स्पष्ट आधार आहे. मात्र ती कथा मार्थेच्या कामाचे पुढे काय झाले ते सांगत नाही. ते काम घरातल्या सर्वांनी वाटून घेतले पाहिजे, हा निष्कर्ष वाचकाला स्वतः काढावा लागतो.

लक्ष्मीबाईंनी आपला वाटा स्वतः मिळवला. टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य पुढे नेण्याचे काम त्यांनी हाती घेतले. टिळकांच्या हातून थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेल्या ख्रिस्तचरित्राचा बहुतांश भार लक्ष्मीबाईंनी उतारवयात वाहिला. १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, हा ग्रंथ प्रकाशित झाला. स्टीफन्स यांनी तीन शतकांपूर्वी जी ओवी योजली होती तीच ओवी येथे आली आहे, आणि तीच पहाटेच्या जात्यावरची ओवी आहे. संसाराच्या अखेरच्या पर्वात एक स्त्री रोज ख्रिस्ताच्या जीवनातील एकेक प्रसंग मनासमोर आणून त्याला ओवीत बसवते, हे स्वरूपतः ध्यानच आहे.

७. उत्तरकालीन स्थिती

एकट्याच्या प्रार्थनेबरोबर घराच्या प्रार्थनेची परंपराही ध्यानात घेतली पाहिजे. गोवा व वसई येथील कॅथलिक घरांतील संध्याकाळची रोझरी, चर्चच्या घंटेबरोबर क्षणभर काम थांबवून करण्याची प्रार्थना, तसेच प्रॉटेस्टंट घरांतील शास्त्रवाचन व कौटुंबिक उपासना या सर्व रीतींत दिवसाच्या ओघाला ठरलेल्या ठिकाणी थांबवण्याची योजना आहे. व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर सारा भार न टाकता ही योजना घंटा, दिवा आणि घरातील वडीलधारी माणसे यांच्यावर तो वाटून देते. चाळीतील एका खोलीत किंवा नोकरीसाठी पहाटे लोकल गाठणाऱ्या माणसाच्या जीवनात या रीतींना ओढ बसणे स्वाभाविक आहे. आणि तेथे पुन्हा छोटे गीत, पाठ असलेले वचन, प्रवासातील मौन यांचेच साहाय्य उरते.

अलीकडच्या काळात या विषयाला मराठीत सुबोध गद्य देणाऱ्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचा उल्लेख अगत्याने करावा लागतो. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन, 'सुबोध बायबल' आणि 'ओअॅसिसच्या शोधात' यांसारखे लेखन त्यांच्या नावावर आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हरित वसईच्या चळवळीत उतरलेला हा धर्मगुरू चिंतन आणि लोकांत उभे राहणे यांची फारकत करीत नव्हता. टिळकांच्या 'दरबारा'शी हे नाते जुळते.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. एक, मराठी ख्रिस्ती साहित्यातील एकांत हा मठाचा क्वचित, घराचा व संस्थेचा अधिक आहे. तो मिळतो तो कामाच्या फटीत. दोन, ओवी व अभंग हे रचनाप्रकार या साहित्याने केवळ लोकप्रियतेसाठी स्वीकारले असे म्हणणे अपुरे आहे. खंडित वेळेत धरून ठेवता येणारे चिंतनाचे साधन म्हणूनही त्यांची निवड समर्पक होती. तीन, एकांताचा प्रश्न सत्ता व श्रम यांच्या वाटपापासून अलग करता येत नाही. शारदा सदनातील उघडे दार आणि 'स्मृतिचित्रां'तील मागे राहिलेली पत्नी ही त्याची दोन टोके आहेत.

प्रार्थनेसाठी निवांत वेळ काढणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य म्हणून सांगितले जाते. या चार जीवनांच्या प्रकाशात त्याला एक जोड द्यावी लागते. आपल्या शेजारच्या माणसाला, विशेषतः जो किंवा जी आपल्यासाठी राबते तिला, तशी वेळ मिळू देणे हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे. कोठीच्या खोलीचे दार लावून घेणाऱ्याने, बाहेर कोण काम करीत आहे हे पाहूनच ते लावावे, आणि आतून बाहेर आल्यावर तिला आत जाण्याची वाट मोकळी करून द्यावी.